फाटकाची चाल

आमच्या घरी एकाच चालीच्या नऊ कॅसेटी होत्या. त्या नऊही वेगळ्या आहेत हे माझे वडील आणि बबनभाऊ यांना सोडून कुणालाही पटत नसे. घरी पाहुणा आला की वडील त्याला निदान दोन तरी ऐकवायचे. पहिली ऐकताना पाहुणा चहा प्यायचा आणि दुसरी सुरू झाली की म्हणायचा, "हीच तर आत्ता लागली होती की." मग वडील आईकडे बघत आणि आई पाहुण्याकडे. असा पाहुणा पुन्हा आला तर त्याला पोहे मिळत, कॅसेट मिळत नसे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. कामशेत आणि कान्हे यांच्या मधल्या एका फाटकावर ते फाटकवाले होते आणि फाटकाला लागूनच आमचं क्वार्टर होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे परसात आळूची पानं आणि आईच्या चार कोंबड्या. गाडी येण्याआधी फडताळातले पेले किणकिणायला लागत. मालगाडी असेल तर ताटंही सामील होत. आई त्या आवाजावर स्वयंपाक करायची. डाऊन पॅसेंजर गेली की भात उतरवायचा, मालगाडी गेली की भाकऱ्यांना हात घालायचा. घड्याळ घरात होतं, पण ते आप्पांच्या ड्युटीचं म्हणून आई त्याच्याकडे कधी बघत नसे. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे, एरवी पिठलं किंवा वाटाण्याची आमटी, आणि रविवारी बबनभाऊ येणार म्हणून सुकट. बबनभाऊ रविवारीच यायचे, आणि सुकट नसली तरी यायचे.

चालीचा जन्म आमच्या दारात झाला होता, असं आप्पांचं म्हणणं. कामशेतात तांबोळी मास्तरांची दिलखूश बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची लांबट पेटी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. ती पेटी टेम्पोत ठेवून तिचा आवाज कर्ण्यातून सोडला की पुढे ढोलकी, ताशा, आणि त्याच्यापुढे नाचणारी पोरं. एकदा एका नवरदेवाची मिरवणूक आमच्या फाटकाशी आली आणि आप्पांनी फाटक लावलं. एक गाडी गेली. फाटक उघडणार तोच समोरून दुसरी येत असल्याचा फोन आला. मग एक मालगाडी सिग्नलबाहेर थांबून राहिली. मास्तर एक गाणं संपवत आणत होते, पण गाणं संपलं तर नाच थांबणार, आणि नाच थांबला की पोरं इकडेतिकडे पांगणार. म्हणून त्यांनी गाण्याच्या शेवटचं एक वळण धरून ठेवलं आणि ते उलटंपालटं करत फाटक उघडेपर्यंत वाजवत राहिले. फाटक उघडलं तेव्हा ते मूळ गाणं कोणतं होतं हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. पुढच्या लग्नापासून लोक म्हणायला लागले, "मास्तर, ते फाटकाचं वाजवा."

तेव्हापासून जिथे जिथे दिलखूश पार्टी गेली तिथे फाटकाची चाल वाजली. अडचण एवढीच होती की तिला शेवट नव्हता. आमच्या इथे फाटक उघडलं की ती संपायची. ज्या गावात रेल्वेच नाही, तिथे ती कधी थांबवायची हे मास्तरांना तिथल्या तिथे ठरवावं लागे. त्यामुळे ती कुठे पाव तास चाले, कुठे पाऊण. कुठे मधेच आरतीसारखी संथ होई, कुठे ढोलकीवाला तिला पळवून नेई. आप्पा फाटक मुद्दाम उशिरा उघडतात असं काही लोक म्हणत. ते खरं नव्हतं. रेल्वेच्या कामात आप्पा कधी चुकले नाहीत. मिरवणूक असली की उघडायची घाई करत नसत, इतकंच.

टेप रेकॉर्डर त्यांनी लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून आणला होता. झाकण तुटलं म्हणून बंगल्यातल्या मंडळींनी तो टाकून दिला होता. झाकणावर रबर लावलं की व्यवस्थित चालायचा. दुसरा टेप बबनभाऊंकडे होता. बबनभाऊ तिकोणा पेठेचे. पवनेकडच्या गावांतून दूध गोळा करून ते कामशेतात आणि लोणावळ्याच्या हॉटेलांत घालायचे, त्यामुळे कुठे कुणाचं लग्न आहे आणि तिथे कोण वाजवणार आहे हे त्यांना नवऱ्यामुलाच्या आधी कळायचं. ते तिकडची रेकॉर्डिंग करून आणत. आप्पा फाटकावरची करत. मग आमच्या स्वयंपाकघरात दोन्ही टेप समोरासमोर ठेवून एकीची दुसरी कॅसेट व्हायची. त्या वेळी कुणी बोलायचं नाही असा नियम होता, पण आईने फोडणी थांबवायची नाही असाही दुसरा नियम होता. त्यामुळे पवनानगरच्या कॅसेटीत मोहरी तडतडलेली आहे आणि कान्ह्याच्या कॅसेटीत एक कोंबडी अंडं घालून मोकळी झालेली आहे. आप्पा आणि बबनभाऊ ऐकताना ते आवाज मनातल्या मनात वजा करायचे. आता मी ऐकते तेव्हा माझं उलटं होतं. चाल वजा होते आणि मोहरी राहते.

रविवारी दोघांची जेवणं झाली की ते ओट्याखाली पाट टाकून बसत. आप्पांची एक वही होती. त्यात ठिकाण, लग्न कुणाचं, वादक कोण, ढोलकी कशी, शेवट कसा आणि शेवटी शेरा. शेरे रेल्वेच्या भाषेत असत. "चाल वेळेवर सुटली. मधे विनाकारण थांबा." "शेवट अचानक. ब्रेक लावल्याप्रमाणे." बबनभाऊंना लिहायचा कंटाळा होता. ते वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "आप्पा, हितं लिवा, बबनला मान्य न्हाई." आणि आप्पा तसं लिहायचे. मी तेव्हा अकरावीत होते आणि मागे बसून भाकऱ्या तरी थापत असायची नाही तर भांडी तरी घासत असायची. त्या नऊ कॅसेटी मला पाठ झाल्या होत्या. हे मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलंही नव्हतं.

भांडण झालं ते उर्श्याच्या कॅसेटीवरून. उर्से म्हटलं की आता लोकांना टोलनाका आठवतो. तेव्हा तिथे एक्सप्रेस वे नव्हता, भाताची खाचरं होती आणि एका खाचराच्या कडेला ते लग्न होतं. बबनभाऊंनी ती कॅसेट आणली तेव्हा ते पाटावर बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आप्पा, आता बाकीच्या आठ विसरा." आप्पांनी ती पूर्ण ऐकली. मग वहीत लिहिलं, "उर्से. चाल उत्तम. खुळखुळा अनावश्यक."

"अनावश्यक?" बबनभाऊ म्हणाले. "अवो, त्या खुळखुळ्यानंच तर चाल उठतीय!"

"मास्तरांनी आमच्या फाटकावर कधी खुळखुळा घेतला नाही."

"तुमच्या फाटकावर त्यांना गाडीचा आवाज हुता. आमच्याकडं कुटं गाडी? मग खुळखुळा घेतला."

हे दोन रविवार चाललं. तिसऱ्या रविवारी त्यांनी ती कॅसेट पुन्हा लावली आणि मी मागे भाकरी थापत होते. माझ्या दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या होत्या, जत्रेतून घेतलेल्या. भाकरी फिरवताना त्या वाजत होत्या. टेपमधून तोच आवाज येत होता. चालीचं वळण तुटायच्या आधी एक, वळून परत येताना दोन. मी हात थांबवला. टेपमधला आवाज थांबला नाही.

"तो खुळखुळा नाही," मी म्हणाले. "बांगड्या आहेत."

दोघे वळून बघायला लागले. त्या घरात त्या वेळेपर्यंत मी चालीबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. आता बोलले होते तर पुरतं बोलावं असं मला वाटलं. मी पिठाचे हात तसेच ठेवून सांगितलं, की बांगडी बेंजोच्या लाकडाला लागली तर ती कर्ण्यातूनच ऐकू येणार, म्हणून हा आवाज ढोलकीपेक्षा मोठा येतो. खुळखुळा टेम्पोच्या बाहेर असता तर लांबून आला असता. आणि दुसरं, मास्तर तारेवर पट्टी वरून खालीच मारतात. फाटकाची कॅसेट ऐका, कान्ह्याची ऐका. उर्श्याला पट्टी खाली जाते तशी वरही येते. म्हणजे हात दुसरा आहे. पवनानगरच्या कॅसेटीतही दुसरा आहे, पण तिथे आईची मोहरी आडवी आली म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही.

आप्पांनी चार कॅसेटी काढल्या. एकेक लावली, थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. बबनभाऊ कर्ण्याला कान लावावा तसे टेपवर ओणवे झाले होते. चौथी संपल्यावर ते मान वर न करता म्हणाले, "मग हाय तरी कोण?"

आणि मी म्हणाले, "जैबुन असणार. त्यांच्या घरात वाजवायच्या वयाचं दुसरं कोण आहे?"

जैबुन मास्तरांची मुलगी. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, माझ्या पुढच्या बाकावर. नंतर तिला शाळेतून काढली. त्याच्या आदल्या वर्षी मास्तरांना मोठा ताप आला होता, त्यानंतर त्यांचा उजवा हात कापायला लागला, हे मी बाजारात पाहिलं होतं. ते पैसे देताना डाव्या हाताने द्यायचे. हेही मी त्या दिवशी त्या दोघांना सांगितलं. मला इतका आनंद झाला होता, की तो आता लपवण्यात अर्थ नाही. आप्पांनी वही उघडली, "खुळखुळा अनावश्यक" खोडलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग शेरा काय लिहू?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शेरा विचारला. काय सांगितलं ते आठवत नाही. भाकरी जळाली होती ते आठवतं.

बबनभाऊंनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, की ही गोष्ट या घराबाहेर जाणार नाही. ते गेल्यावर आई भांडी आवरत मला म्हणाली, "बांगड्या म्हणालीस तिथं थांबायचं होतंस. नाव कशाला घेतलंस?" मी म्हणाले, "खरं तेच सांगितलं." आई म्हणाली, "खोटं कुठं म्हणतीय मी?" आणि राख घेऊन तवा घासायला लागली.

बबनभाऊंनी शपथ पाळली, त्यांच्या परीने. ज्या घरी ते दूध घालत नव्हते, त्या घरी त्यांनी ही गोष्ट सांगितली नाही. जैबुनचं लग्न खोपोलीकडच्या एका घरात ठरलेलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणूनच मास्तरांनी टेम्पोच्या मागच्या भागाला पडदा लावला होता. विचारलं तर सांगत, धुळीने तारा खराब होतात. ते स्वतः पडद्यापुढे दुसरा बेंजो मांडीवर घेऊन बसायचे. त्या बेंजोला वायर नव्हती.

मे महिन्यात बबनभाऊंच्या पुतण्याचं लग्न होतं, तिकोणा पेठेत. आप्पांना ड्युटी होती, म्हणून टेप घेऊन मी आणि आई गेलो. दुपारी चारच्या सुमारास नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. ऊन असं होतं, की घोड्यावर बसलेल्या नवरदेवावर कुणीतरी छत्री धरली होती आणि त्या छत्रीवर एका औषधाची जाहिरात होती. समोर तिकोण्याचा किल्ला नुसता तापून उभा. टेम्पो मिरवणुकीच्या मधे, त्याच्यापुढे पोरं, आणि मी टेप छातीशी धरून बायकांमधे, टेम्पोपासून वीस-पंचवीस पावलांवर. मास्तर नेहमीसारखे पुढच्या फळीवर बसले होते, पांढरा शर्ट, मांडीवर बेंजो. त्यांनी मान हलवली आणि फाटकाची चाल सुरू झाली. मी बटण दाबलं.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. चाल इतकी सुरेख लागली होती, की मी मनात शेरा तयार करायला लागले. तेवढ्यात टेम्पोजवळच्या पोरांतला एक ओरडला, "मास्तर, हात वर करा!" बाकीचे हसले. मास्तरांनी लक्ष दिलं नाही. "अवो मास्तर, एकदा दोन्ही हात वर करून दावा की!" मग सगळेच तालावर ओरडायला लागले, "हात वर! हात वर!" ढोलकीवाला गडबडला, पण हात चालवत राहिला. मास्तर मांडीवरच्या मुक्या बेंजोकडे बघत होते आणि त्यांचा उजवा हात पट्टी धरून कापत होता. चाल मात्र कर्ण्यातून चाललीच होती. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. ते मला दिसलं.

कुणीतरी ओरडलं, "पडदा वडा रे!" गर्दी टेम्पोकडे सरकली, डोकी मधे आली, आणि मोठा गलका झाला. चाल थांबली. ढोलकी आणखी दोन ठोके पुढे गेली आणि तीही थांबली. माणसं बाजूला झाली तेव्हा पडदा एका टोकाला गोळा झालेला होता आणि आत जैबुन बसली होती, मांडी घालून, निळा सलवार कमीज घामाने भिजलेला, ओढणी खांद्यावर, पुढ्यात बेंजो. ती कुणाकडेही बघत नव्हती. घोडा तेवढा पाय आपटत होता. इतक्या माणसांत इतकी शांतता मी त्यानंतर ऐकलेली नाही, आणि मी पुढे सगळं आयुष्य ऐकण्याचीच नोकरी केली.

मग तिने ओढणीने डावा हात पुसला, उजवा पुसला, आणि चाल पुन्हा सुरू केली. जिथे थांबली होती तिथून नाही. अगदी सुरुवातीपासून. ढोलकीवाल्याला काय करावं ते कळेना, तो दोन वळणं नुसता बघत राहिला. मग त्याने थाप मारली. पोरं उभीच होती. बबनभाऊ पुढे आले, धोतर वर खोचलं आणि एकटेच नाचायला लागले. साठीतला माणूस, तोही भर उन्हात. त्यांच्यामागून एकेक करत पोरं नाचायला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. मास्तरांनी मांडीवरचा बेंजो उचलून बाजूला ठेवला आणि मोकळे हात गुडघ्यांवर ठेवले. मी टेप बंद केला. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

आठ दिवसांच्या आत खोपोलीहून निरोप आला. लग्न मोडलं. कारण कुणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. पावसाळाभर दिलखूशचा टेम्पो मास्तरांच्या दारात ताडपत्रीखाली उभा होता. तसा तो दर पावसाळ्यात उभा असायचा, पण या खेपेला त्याच्यावर कोंबड्यांनी बस्तान मांडलं तरी कुणी हाकललं नाही. दिवाळीनंतर कान्ह्याचे लोक सुपारी घेऊन आले आणि म्हणाले, "ती पोरगी वाजवती ती पार्टी पायजे." मास्तर म्हणाले, पार्टी बंद झाली. जैबुन आतून बाहेर आली आणि तारीख विचारली. हे मला आईने सांगितलं, आणि आईला बबनभाऊंनी. त्यानंतर किती वर्षं ती वाजवत होती ते मी सांगत नाही, कारण मोजलेली नाहीत. पण माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलं शाळेत गेली, तरी कामशेतच्या बाजूला कुणाचं लग्न असलं की कर्ण्यातून तोच हात यायचा. मास्तर गेल्यावर तिने पार्टीचा टेम्पो चालवणाऱ्या याकूबशी लग्न केलं. पडद्यामागे कोण असतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आप्पांनी या प्रकरणावर माझ्याशी एकदाही बोलणं काढलं नाही. पण एका रविवारी मी पाहिलं, त्यांनी वही काढून बांगड्यांच्या प्रत्येक कॅसेटीपुढे "वादक : मास्तर" हे खोडलं आणि स्वच्छ अक्षरात "वादक : जैबुन तांबोळी" असं लिहिलं. तिकोणा पेठेच्या कॅसेटीला नंबर दिला नाही. मीही ती कधी लावली नाही. जैबुन बाजारात दिसली की मी दुसऱ्या बाजूला जायची. तिने दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा मला ऐकू आली नाही. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधे ऑपरेटर म्हणून घेताना साहेबांनी विचारलं होतं, कान कसे आहेत. मी म्हणाले होते, चांगले आहेत.

तिकोणा पेठेत मात्र पडदा कुणी ओढला यावर बरीच वर्षं चर्चा झाली. "म्या वडला" असं सांगणारे माझ्या माहितीचेच पाच जण होते. त्यांतला एक त्या दिवशी पुण्यात होता.

गेल्या हिवाळ्यात जैबुनच्या मुलाचा मला फोन आला. म्हणाला, अम्मीच्या वाजवण्याची एकही कॅसेट आमच्याकडे नाही, कुणीतरी सांगितलं तुमच्या वडिलांकडे होत्या. होत्या. बिस्किटांच्या डब्यात, माळ्यावर. माझ्या नातवाने त्या एकेक करून माझ्या मोबाइलवर उतरवून दिल्या, तिकोणा पेठेचीसुद्धा. उतरवताना त्याने कानाला हेडफोन लावले होते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. मग एक दिवस लोणावळ्याहून लोकल धरली आणि कामशेतला उतरले. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं "जैबुन मावशी" म्हणाले, तर तो घराच्या दारात सोडून गेला.

ती अंगणात वाल सोलत बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड, बोटं तशीच लांब. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "कामशेतात हाईस न्हाईस तेच कळंना तुझं," म्हणाली. "हाक मारली तर वळायची न्हाईस." मी ओट्यावर बसले आणि तिने पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं. स्वयंपाकघर, भाकरी, बांगड्या, चार कॅसेटी, आणि तिचं नाव मी घेतलं होतं ते. पोरांपर्यंत ते माझ्यामुळे गेलं, पडदा ओढला गेला तो माझ्यामुळे, खोपोलीचं मोडलं तेही. वाल सोलायचा तिचा हात थांबला नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "बबनभाऊनं अब्बाच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं हुतं, त्याच पावसात. आप्पाच्या पोरीनं वळखलं म्हणून."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू थांबलीस का कुटं?"

ती उठली, आत जाऊन चहा टाकून आली, आणि पदराला हात पुसत माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "लाव. तिकोण्याचंच लाव आदी."

मी म्हणाले, ते नको, बाकीची चांगली आहेत. ती म्हणाली, तेच लाव. मी मोबाइल दोघींच्या मधे ठेवला. चाल सुरू झाली. पहिलं वळण, दुसरं वळण. पोरांचं "हात वर" सुरू झालं. तिने डोळे मिटले होते. मी तिच्याकडे बघत होते आणि त्यामुळे मला ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही. तिनेच बोट वर केलं. "मागं घे." मी मागे घेतलं. चाल मधेच तुटते. मग बेंजोच्या अगदी जवळ, कर्ण्यातून मोठ्या होऊन, पडद्याच्या लोखंडी कड्या वरच्या तारेवरून घसरत जातात. सर्रर्र, एका दमात. आणि त्यानंतर, त्यानंतर मग कुणीतरी ओरडतं "पडदा वडा रे" आणि गलका होतो. मी तीनदा मागे घेतलं. तीनही वेळा आधी कड्या, मग पोरं. त्या दिवशी माझ्यापुढे डोकी होती आणि कानात गलका होता. टेपमधे सगळं जागच्या जागी होतं.

"आत लय उकडत हुतं," जैबुन म्हणाली. चहाचा कप माझ्या हातात देऊन ती पुढे म्हणाली, "आन् अब्बाला हात वर करायला लावत हुती ती पोरं. मला आतनं ऐकू येत हुतं समदं."

मी म्हणाले, "म्हणजे मी उगीच..."

"उगीच न्हाई," ती म्हणाली. "तू नाव घेतलंस ते वाईटच केलंस. ते तुझं तू ठेव. पडदा म्या काडला, तो माझा हाय. त्यो कुणाला द्यायची न्हाई मी, त्या पोरांना बी न्हाई आन् तुला बी न्हाई."

आम्ही चहा प्यायलो. तिची सून येऊन सोललेले वाल घेऊन गेली. मोबाइल अजून चालू होता. जैबुनने पुन्हा सुरुवातीपासून धरलेली चाल, आणि ढोलकीवाला गोंधळून गप्प. तिने मान पुढे केली, कपाळाला आठी घातली आणि माझ्या हाताला हात लावला.

"थांब, थांब. हितं कुणाचं चुकलं? त्याचं का माझं? परत लाव."